पाण्यावर पाय टेकून बसलेला कोळी कसा टिपावा

हिप्परगा तलावाच्या काठी तीन रविवार घालवून आपण काढलेली छायाचित्रे आणि त्यांसोबतचे प्रश्न मी लक्षपूर्वक पाहिले. आपल्याकडे एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, सेन्सरचा कॅमेरा, १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून, मोठे चित्र घेणारी) आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा फ्लॅश आहे, आणि आपल्या अडचणी चार आहेत: डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर होतात; कोळ्याच्या ओल्या अंगावर पांढरे डाग उमटतात; पाणी एका चित्रात डांबरासारखे काळे येते, तर दुसऱ्यात पांढरेफटक पडते; आणि दहापैकी आठ वेळा कोळी चित्र घेण्याआधीच निसटतो. आपण विचारले आहे की याला लेन्स कमी पडते आहे का, आणि अधिक विवर्धनाची लेन्स घ्यावी का.

घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोलापूर परिसरातील तळी, ओढे आणि नदीकाठ यांवर मी बरीच वर्षे हेच काम करत आलो आहे, आणि आपल्या चारही अडचणींचे मूळ मला आपल्या चित्रांतच दिसते. जवळजवळ प्रत्येक चित्र आपण उभ्याने वाकून किंवा उकिडवे बसून, वरून तिरप्या कोनातून घेतले आहे, आणि प्रत्येक वेळी लेन्स जाऊ शकेल तितकी जवळ नेली आहे. कॅमेऱ्याची उंची आणि कोळ्यापासूनचे अंतर हे दोन निर्णय बदलले, तर याच साधनांनी आपल्याला हवे ते चित्र मिळेल. ते का, हे समजण्यासाठी आधी हा प्राणी पाण्याकाठी काय करत असतो ते पाहावे लागेल.

मराठीत मासे धरणाऱ्यालाही कोळी म्हणतात आणि या आठपायी जिवालाही. पाण्याकाठच्या शिकारी कोळ्यांना हे नाव दोन्ही अर्थांनी शोभते, कारण ते शिकारीसाठी जाळे विणत नाहीत. पाण्याचा पृष्ठभाग हेच त्यांचे जाळे असते. पिसॉरिडी कुळातील मासेमार कोळी, ज्यांच्यापैकी नायलस हा वंश भारतात आढळतो, मागचे पाय एखाद्या पानाला, काडीला किंवा दगडाला धरून ठेवतात आणि पुढचे पाय पाण्यावर अलगद पसरतात. पाण्यात पडलेला कीटक धडपडू लागला की त्याचे तरंग पायांवरील संवेदी केसांना आणि सांध्यांजवळच्या सूक्ष्म फटींना जाणवतात, आणि कोळी पाण्यावरून धावत जाऊन भक्ष्य पकडतो. पाण्यावर संथपणे सरकायचे असेल, तेव्हा तो दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीचे पाय वल्ह्यांसारखे मारतो. कीटकांखेरीज बेडकांची पिल्ले आणि लहान मासेही या कोळ्यांच्या तावडीत सापडतात. मार्टिन निफेलर आणि ब्रॅडली प्यूसी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर कोळ्यांनी मासे पकडल्याच्या नोंदी आहेत, आणि ते मासे बहुधा दोन ते सहा सेंटिमीटर लांबीचे होते.

आपल्या चित्रांतील बहुतेक कोळी मात्र या कुळातील नाहीत. ते लांडगा कोळी, म्हणजे लायकोसिडी कुळातील, आणि बहुधा पार्डोसा वंशाचे आहेत. ओल्या चिखलावर, शेवाळाच्या कडेवर आणि भातखाचरांत ते मोठ्या संख्येने फिरतात, गरज पडली तर पाण्यावरूनही धावतात. दोन्ही कुळे वेगळी ओळखण्याची सोपी खूण डोळ्यांत आहे. लांडगा कोळ्याला समोर खाली चार लहान डोळ्यांची रांग, तिच्यावर दोन मोठे डोळे आणि त्यांच्या मागे आणखी दोन, अशी तीन रांगांची मांडणी असते. मासेमार कोळ्याचे आठ डोळे दोन रांगांत असतात आणि त्यांच्या आकारात तितका ठळक फरक नसतो. हा भेद केवळ नावापुरता नाही. लांडगा कोळी नजरेवर बराच विसंबून असतो, त्यामुळे आपली हालचाल आणि सावली त्याला आधी कळते. मासेमार कोळ्याला पाण्याचा आणि जमिनीचा कंप आधी कळतो. कोणाजवळ कसे जावे हे यावरून ठरते.

आता कॅमेऱ्याच्या उंचीविषयी. पाण्यावर टेकलेल्या पायाखाली पाण्याचा पृष्ठभाग फाटत नाही, तर दबतो, आणि प्रत्येक पायाखाली एक लहानशी खळी पडते. पाण्याकाठच्या कोळ्याच्या चित्राचा प्राण मला या खळ्यांत दिसतो. त्या चित्रात आल्या नाहीत, तर कोळी पाण्यावर बसला आहे की काळ्या फरशीवर, हे पाहणाऱ्याला कळत नाही. आपल्या बहुतेक चित्रांत नेमके हेच झाले आहे. तिरप्या कोनातून खळी जवळजवळ दिसतच नाही. तिला पाहण्याच्या दोन जागा आहेत: एक, कॅमेरा पाण्यापासून चार-पाच बोटांवर, जवळजवळ आडवा, आणि दुसरी, अगदी सरळ वरून, उथळ आणि स्वच्छ पाण्यात, ऊन असताना. दुसऱ्या जागेवरून खळी स्वतः दिसली नाही तरी तिची सावली तळावर पडलेली दिसते: पायापेक्षा कितीतरी मोठा, लंबगोल काळा ठिपका आणि भोवती उजळ कडा, कारण दबलेला पृष्ठभाग भिंगासारखा प्रकाश बाजूला वळवतो. शेवाळमुक्त, दोन-तीन इंच खोल पाण्यात सकाळी नऊच्या सुमारास हे दृश्य मिळाले तर बाकी सर्व सोडून तेच घ्यावे.

खाली उतरण्याचा दुसरा लाभ पाण्याच्या रंगाशी संबंधित आहे, आणि आपल्या काळ्या-पांढऱ्या पाण्याचे उत्तरही त्यातच आहे. पाणी वरून पाहिले तर ते काचेसारखे वागते: बहुतांश प्रकाश आत जातो, खालचा काळा गाळ दिसतो, आणि आपला फ्लॅश सरळ वर परतला तर पांढरा झोत दिसतो. तेच पाणी अगदी खालच्या पातळीवरून, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर पाहिले तर आरशासारखे वागते. तेव्हा कोळ्यामागे दिसणारा रंग पाण्याचा नसतो, समोरच्या काठाचा किंवा आकाशाचा असतो. त्यामुळे बसण्याआधी समोरचा काठ पाहावा. समोर बाभळी असतील तर पाणी गडद हिरवे दिसेल, वाळलेले गवत असेल तर पिवळसर तांबूस, उघडे आकाश असेल तर फिकट. हिप्परग्याच्या मोकळ्या पात्रावर सकाळी आकाशाचे प्रतिबिंब फार प्रखर पडते. त्याऐवजी गवताने वेढलेल्या लहान खाडीसारख्या जागा निवडल्या तर कोळ्याची बाह्यरेषा उठून दिसते. ध्रुवीकरण फिल्टरचा उपयोग आपण विचारला होता. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात तो प्रतिबिंब सर्वांत चांगले पुसतो आणि पाण्याखालचे बेडकांचे पिल्लू किंवा खळीची सावली दाखवतो, पण दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). खालच्या कोनातून आपल्याला प्रतिबिंब हवेच असते, म्हणून तेथे तो काढून ठेवावा.

खाली उतरायचे तर साधने साधी लागतात. तिकाटणे (ट्रायपॉड) काळ्या चिकणमातीत रुतते, पाय उपसताना चिखल हलतो आणि कोळी निघून जातो. मी कापडी पिशवीत सहा-सात मूठ ज्वारी भरून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो आणि कॅमेरा तिच्यावर टेकवतो. आपल्या जिल्ह्यात ज्वारीची वाण नाही, आणि दाणा लेन्सच्या आकाराप्रमाणे बसतो. अंगाखाली खताची रिकामी गोणी धुऊन पसरावी. कॅमेऱ्याची स्क्रीन वर वळणारी असेल तर मान चिखलात घालावी लागत नाही. पट्टा मात्र मनगटाला गुंडाळलेलाच असावा, कारण पाण्यापासून चार बोटांवर हात घसरला तर सावरायला वेळ मिळत नाही.

डोळे आणि पाय एकाच वेळी स्पष्ट न येण्याचा प्रश्न हा अंतराचा, म्हणजे विवर्धनाचा प्रश्न आहे. आपल्या सेन्सरसाठी एफ ११ या ॲपर्चरला (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तसे छिद्र लहान) एकास एक विवर्धनावर, म्हणजे कोळी सेन्सरवर प्रत्यक्षाएवढाच पडतो तेव्हा, स्पष्टतेची खोली जेमतेम ०.९ मिलिमीटर मिळते. विवर्धन निम्मे केले, म्हणजे कोळी सेन्सरवर प्रत्यक्षाच्या अर्ध्या आकाराचा पडू दिला, तर ती अडीच मिलिमीटरच्या पुढे जाते. एक तृतीयांश केले तर पाच मिलिमीटर. विवर्धन तिपटीने घटवल्यावर खोली जवळजवळ सहापट होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आता कोळ्याचे माप पाहू. पूर्ण वाढलेला मासेमार कोळी पाय पसरून पाच-सहा सेंटिमीटर जागा व्यापतो. आपल्या कॅमेऱ्यात एकास एकवर केवळ साडेतेवीस मिलिमीटर रुंदीची चौकट बसते, म्हणजे कोळी मावतच नाही, आणि जो भाग मावतो त्याचाही एक पातळ पापुद्रा स्पष्ट होतो. एक तृतीयांश विवर्धनावर चौकट सात सेंटिमीटर रुंद होते, कोळी मावतो, त्याच्याभोवतीचे पाणी आणि खळ्याही मावतात. पार्डोसासारखा लहान कोळी, ज्याचे शरीर सेंटिमीटरभरही नसते, त्याच्यासाठी अर्ध्या विवर्धनापासून सुरुवात करावी. एकास एक हे केवळ डोळ्यांच्या व्यक्तिचित्रासाठी राखून ठेवावे.

ॲपर्चर आणखी बंद करून एफ २२ वर न्यावे, असा सल्ला आपल्याला कोणी दिल्याचे आपण लिहिले आहे. तो मला मान्य नाही. मॅक्रोमध्ये लेन्स पुढे सरकते तसे परिणामी ॲपर्चर लहान होत जाते. एकास एकवर एफ ११ प्रत्यक्षात एफ २२ सारखे वागते आणि एफ २२ हे एफ ४४ सारखे. तेव्हा विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते, कोळ्याच्या अंगावरील केस एकमेकांत मिसळतात. एफ ८ ते एफ ११ या दरम्यान राहून खोली कोठे खर्च करायची हे आपण ठरवावे. समोरून घेत असाल तर ती डोळ्यांवर खर्च होते, पुढच्या दोन पायांची टोके धूसर राहतात, आणि ते चालते. बाजूने घेत असाल तर सेन्सर कोळ्याच्या शरीराच्या लांबीशी समांतर ठेवावा, म्हणजे डोळा, पोट आणि आपल्या बाजूच्या पायांच्या खळ्या एकाच पातळीत येतात. माझी आवडती जागा हीच आहे. कॅमेरा पाच अंशांनी फिरला तरी मागचा पाय निसटतो, म्हणून फोकसची कडी फिरवण्याआधी समांतरता तपासण्याची सवय लावून घ्यावी. लेन्स हाताने ठरावीक विवर्धनावर लावून ठेवायची आणि ज्वारीच्या पिशवीवर कॅमेरा केसभर मागेपुढे करत, स्पष्टता डोळ्यावर आली की बटण दाबायचे. या कामात स्वयंचलित फोकस बहुतेक वेळा पुढच्या पायावरच अडकतो.

कोळी निश्चल बसलेला असेल तर फोकसच्या पाच-सहा पायऱ्यांची चित्रे घेऊन ती संगणकावर जोडता येतात. परंतु पाणी निश्चल नसते. तरंग प्रत्येक चित्रात वेगळा असतो आणि जोडलेल्या चित्रात खळीची कडा दुहेरी दिसते. काठावरच्या दगडावर बसलेल्या कोळ्यासाठी ही पद्धत वापरावी, पाण्यावरच्यासाठी शक्यतो टाळावी.

आता त्या पांढऱ्या डागांकडे वळतो. आपण लिहिले आहे की कोळ्याचे अंग ओले असल्याने ते चमकते. तसे नाही. या कोळ्यांच्या अंगावर दाट, पाणी न धरणारे केस असतात. पाण्यावर चालतानाच काय, पाण्याखाली जाऊन आल्यावरही ते कोरडेच असतात. पाण्याखाली त्यांच्या भोवती हवेचा थर अडकतो आणि त्यामुळे ते चांदीचे दिसतात. त्या हवेवर ते कित्येक मिनिटे खाली राहू शकतात. आपल्या चित्रातील डाग हे पायांच्या कठीण, गुळगुळीत कवचावर पडलेले फ्लॅशचे प्रतिबिंब आहेत. फ्लॅशचा तोंडाकडचा भाग लहान आणि दूर असल्याने ते प्रतिबिंब बिंदूएवढे आणि प्रखर पडते. उपाय एकच: प्रकाशाचा उगम मोठा करून कोळ्याच्या जवळ आणणे. दुधाळ पांढऱ्या प्लॅस्टिकचा वहीच्या पानाएवढा लवचिक तुकडा घ्यावा, तो कमानीसारखा वाकवून फ्लॅशपासून लेन्सच्या टोकाच्या थोडा पुढे येईल असा बांधावा, आणि त्याच्या आत, फ्लॅशच्या तोंडाशी, उपकरणांच्या खोक्यात येतो तसल्या पांढऱ्या फोमचा एक थर द्यावा, म्हणजे मध्यभागी प्रखर ठिपका राहत नाही. बाजारात असे तयार डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारे पडदे, मिळतात आणि चांगलेही असतात, परंतु घरी केलेला आपल्या लेन्सच्या लांबीप्रमाणे बेतता येतो. या डिफ्यूझरचे प्रतिबिंब कोळ्याच्या प्रत्येक डोळ्यात पडणार आहे, हे ध्यानात ठेवून त्याच्या कडा सरळ आणि स्वच्छ कापाव्यात. फाटक्या कडेचा डिफ्यूझर आठही डोळ्यांत फाटकाच दिसतो.

सुरुवातीसाठी आकडे असे: आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २००, शटर १/२००, एफ ११, फ्लॅश हाताने लावलेला, १/८ शक्तीवर, मग चित्र पाहून फ्लॅशची शक्ती कमीजास्त करावी. एवढ्या कमी शक्तीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे हाताचा कंप चित्रात उतरत नाही. मात्र या पद्धतीत पार्श्वभूमी काळी पडते, आणि ती का पडते हे गणिताने समजते. डिफ्यूझर कोळ्यापासून १५ सेंटिमीटरवर आणि मागचे गवत ६० सेंटिमीटरवर असेल, तर अंतर चौपट झाल्याने तेथे प्रकाश एक सोळांश, म्हणजे चार स्टॉप कमी पोचतो. रात्रीच्या चित्रात तो काळोख खराच असतो, म्हणून मी तो राहू देतो. सकाळच्या चित्रात मात्र तो खोटा वाटतो. तेव्हा आयएसओ ८०० पर्यंत वाढवावा, शटर १/८० च्या आसपास आणावे, एफ ८ ठेवावे, म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब आणि मागचे गवत नैसर्गिक प्रकाशात उमटते, आणि फ्लॅश १/३२ वर उतरवून केवळ कोळ्याच्या पोटाखालची सावली उजळण्यापुरता वापरावा. कॅमेरा पिशवीवर टेकलेला असल्याने हा शटरवेग पुरतो, परंतु वारा नसला पाहिजे.

वाऱ्याचा विषय निघाला म्हणून ऋतूविषयी लिहितो. सोलापुरात पाऊस कमी, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या दिवसांत पडतो. जून-जुलैमध्ये पश्चिमेचा वारा दिवसभर वाहतो, पाणी थरथरत राहते, आणि गवताच्या काडीवरचा कोळी चौकटीत ठरत नाही. सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हा काळ मला सर्वांत उत्तम वाटतो: तळी भरलेली, काठचे गवत उंच, पूर्ण वाढलेल्या माद्या, आणि सूर्योदयानंतरचा तास-दीड तास जवळजवळ निवांत हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो, काठ मागे सरतो आणि भेगाळतो. त्या दिवसांत रात्री जावे किंवा जाऊ नये. १८७१ साली पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरुख तलाव, विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव, वडकबाळजवळचा सीनेचा काठ, आणि उजनीच्या फुगवट्याचे गवताळ किनारे, या सर्व जागा या कामाच्या आहेत. उजनीला एक अडचण अशी की धरणातून पाणी सोडले की काठ हलतो. काल पाहून ठेवलेली जागा आज कोरडी असते. सरावासाठी मी शहरातल्या शहरात कंबर तलाव सुचवीन, कारण एकाच जागी वारंवार जाता येणे हे नवी जागा पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

कोळी पळण्याची अडचण पुष्कळशी अंतर वाढवल्याने सुटेल. १०० मिलिमीटरच्या लेन्सला एकास एकसाठी लेन्सच्या टोकापासून साधारण १४ सेंटिमीटरवर जावे लागते, आणि पुढे आलेला डिफ्यूझर धरला तर अंतर आणखी कमी होते. एक तृतीयांश विवर्धनाला त्याच्या दुपटीहून अधिक अंतर मिळते. जवळ जाताना शेवटचे दोन मीटर पोटावर सरकत जावे आणि प्रत्येक हातभर पुढे गेल्यावर थांबावे. पाऊल पाण्यात टाकू नये. पाण्यातला तरंग कोळ्यापर्यंत आपल्याआधी पोचतो. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली कोळ्यावर पडते, म्हणून सूर्य एका बाजूला ठेवावा. अंतर कमी झाल्यावर श्वासही तोंड वळवून सोडावा, कारण पायांवरचे बारीक केस हवेची हालचाल टिपतात. पहिले चित्र दुरूनच घ्यावे. फ्लॅशपेक्षा आपल्या हालचालीलाच कोळी अधिक बिचकतो असा माझा अनुभव आहे.

एवढे करूनही तो निसटला तर उठू नये. मासेमार कोळी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला किंवा देठाला धरून पाण्याखाली जातो, आणि शांतता झाली की त्याच पानावर परत येतो. मी वीस मिनिटे थांबतो. आपण आपल्या पत्रात लिहिले आहे की सकाळी दोन तासांत चौदा कोळी पाहिले. माझ्या मते ते फार झाले. दोन तासांत दोन कोळी पाहावेत. पहिल्या पंधरा मिनिटांत कॅमेरा झाकलेलाच ठेवून तो कोठे बसतो, कोणते पाय पाण्यावर टेकवतो, तोंड कोणीकडे असते, हे पाहून घेतले, तर नंतर कॅमेरा कोणत्या उंचीवर आणि कोणत्या बाजूला ठेवायचा याचा निर्णय आपोआप होतो. भक्ष्य पकडलेला कोळी सर्वांत स्थिर असतो. तो भक्ष्य घेऊन काठावर येतो आणि बराच वेळ हलत नाही. त्या वेळी जवळचे विवर्धनही शक्य होते.

रात्रीचे काम वेगळे आणि अनेक अर्थांनी सोपे आहे. विजेरी कपाळाशी, आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरून काठावर प्रकाश फिरवला की लांडगा कोळ्यांचे डोळे हिरवट-पांढऱ्या ठिणग्यांसारखे चमकतात, कारण त्यांच्या बहुतेक डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. विजेरी हातात कमरेशी धरली तर ही चमक दिसत नाही. ठिणगी दिसली की तिच्याकडे चालत जावे, पण फोकससाठी वेगळा, कागदाने मंद केलेला दिवा वापरावा. याच वेळी गवताच्या टोकांमध्ये पाण्यावर आडवी जाळी विणणारे टेट्राग्नाथा वंशाचे लांबजबड्या कोळी दिसतील. ते दिवसा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून काडीला चिकटून बसतात, इतके की काडीच वाटतात. त्यांच्यासाठी खोलीचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. सेन्सर काडीशी समांतर ठेवला की सगळा कोळी स्पष्ट येतो.

माद्यांविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला बांधून फिरते आणि पिल्ले बाहेर आली की ती तिच्या पाठीवर चढतात. मासेमार कोळ्याची मादी पिशवी जबड्यांत, अंगाखाली धरते. पिल्ले निघायच्या सुमारास गवताच्या पात्यांमध्ये तंबूसारखे जाळे विणून पिशवी त्यात ठेवते आणि बाहेर राखण करते. बऱ्याच वर्षांपूर्वी, चौकटीत आडवी येणारी एक पात मी बाजूला वाकवली. त्या पातीला असल्या तंबूचा एक कोपरा बांधलेला होता, तो फाटला, आणि शेकडो पिल्ले पाण्यावर सांडली. मादी निघून गेली. काही पिल्ले गवतावर चढली, बाकीच्यांचे पुढे काय झाले ते माझ्यासमोरच घडत होते आणि मला काहीही करता आले नाही. तेव्हापासून मी पात कापत नाही, वाकवतही नाही. ती आडवी येत असेल तर कॅमेरा हलवतो, आणि तरीही जमले नाही तर ते चित्र सोडतो. त्याच कारणाने कोळी पकडून घरी आणून, थंड करून, ताटलीत पाणी घालून चित्र काढण्याची पद्धत मी कोणालाही सुचवत नाही. थंडीने मरगळलेला कोळी पाय आखडून बसतो आणि त्याची बसण्याची ढब पाहणाऱ्या जाणकाराला लगेच खटकते. अंगावर पिचकारीने पाणी उडवून दवाचा आभास करण्याचीही गरज नाही. नोव्हेंबरच्या पहाटे खरे दव मिळते.

स्वतःच्या सुरक्षिततेविषयी थोडक्यात. हे कोळी माणसाला धोकादायक नाहीत, परंतु पाणकाठच्या गवतात घोणस आणि नाग असतात, आणि आपण पोटावर झोपणार आहात. झोपण्याआधी काठीने जागा ठोकून घ्यावी, गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत, रात्री एकट्याने जाऊ नये. आटत्या तलावाचा वरून सुकलेला दिसणारा गाळ खाली मऊ असतो. जेथे जनावरांच्या खुरांचे ठसे नाहीत तेथे पाय टाकू नये. मासेमारांची जाळी लावलेली असतील तर त्यांना विचारून बसावे. मोठे कोळी कोणत्या पाणवनस्पतींवर बसतात हे ते आपल्याला अचूक सांगतील, आणि माझ्या काही उत्तम जागा मला त्यांनीच दाखवल्या आहेत.

शेवटी ओळखीचा प्रश्न. आपण प्रत्येक चित्राखाली प्रजातीचे नाव हवे म्हणून विचारले आहे. केवळ छायाचित्रावरून या कोळ्यांची प्रजात ठामपणे सांगणे बहुतेक वेळा शक्य नसते, कारण ती जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेवरून ठरते. कुळ किंवा वंशापर्यंत पोचण्यासाठी प्रत्येक कोळ्याची तीन साधी चित्रे घेऊन ठेवावीत: समोरून, सर्व डोळ्यांची मांडणी दिसेल असे; सरळ वरून, पाठीवरचे पट्टे दिसतील असे; आणि बाजूने. मादीजवळ पिशवी असेल तर ती कोठे धरली आहे ते दिसू द्यावे. सोबत तारीख, जागा, वेळ आणि कोळी पाण्यावर होता, चिखलावर होता की गवतावर, एवढे लिहावे. आपण पाठवलेल्या चित्रांपैकी सातव्या चित्रातील मादी पिशवी अंगाखाली धरून बसलेली आहे, म्हणजे ती मासेमार कोळ्याच्या कुळातील आहे. जागा आठवत असेल तर पुढच्या रविवारी उजाडताच तेथेच जावे, एक तृतीयांश विवर्धन लावून, काठाशी समांतर झोपून, आणि तिच्या आजूबाजूच्या पातींना हात न लावता.